बारका दात कुठल्या बाजूचा

माझ्या नवऱ्याचा डावा सुळा उजव्यापेक्षा जाड आहे, हे मला आमचं लग्न ठरायच्या आधीच ठाऊक होतं. तो समोर बसून आपल्या नोकरीबद्दल काहीतरी सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्याला वाटलं, पोरगी भाळली. अजूनही चारचौघांत सांगतो, "लोक घराणं बघतात, रूप बघतात. हिनं मला दात बघून पसंत केलं, घोडा घेतात तसं." सांगू दे. खोटं काय आहे त्यात?

मी कवळ्या करते. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझं काम चालतं. बाई पुढे पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. मी मागे त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, साच्यावर मेणाची हिरडी चढवते आणि मेणात एकेक दात रोवते. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची, सगळ्यांना पसंत पडली की मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरायचं. मेणात असेतोवर दात हवा तिकडे सरकतो. पक्का झाला की मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. खोलीत एक लांब टेबल, घासायचं मशीन, खिडकी, आणि कोपऱ्यात बेसिन, त्याच्यावर चांगला मोठा आरसा. दवाखान्यात मला सगळे कवळीबाई म्हणतात. मला चालतं.

जन्म दुसऱ्यांच्या तोंडात गेल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी असलेलं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. मापाचा चिमटा लावा, केसाएवढा का होईना, फरक निघतोच. एकाच तोंडात, एकाच अन्नावर वाढलेले जोडीचे दात, पण त्यातला एक जरा जास्त जेवलेला. का? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, शरीर दोन्हीकडे एकच काम करायला घेतं आणि दोन्हीकडे थोडं थोडं चुकतं. हे उत्तर मला फार आवडलं. कारखान्यातून डबीत येणारे दात मात्र दोन्हीकडे सारखे, शाळेच्या रांगेत उभे केलेले. ते बघून मला दर वेळी वाटतं, हे कुणाच्याच तोंडातले नाहीत.

मावशी आमच्याकडे आली ती भाचीचा हात धरून. म्हणजे ती माझी कुणी नव्हे, पण भाची इतक्या वेळा "मावशी, इथं पायरी आहे," "मावशी, पाणी पितेस?" करत होती की पहिल्याच दिवशी ती साऱ्या दवाखान्याची मावशी झाली. वरचे सगळे दात हलायला लागले म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात काढून टाकलेले. तेव्हा ठसा कुणी घेतला नव्हता. त्यामुळे तिचे मूळचे दात कसे होते, हे सांगणारं काहीच आमच्या हातात नव्हतं.

मी डबीतले दात घेऊन मेणाची कवळी केली. छान झाली होती, उगीच कशाला नम्रपणा. मावशीच्या तोंडात बसवली, हातात छोटा आरसा दिला. तिनं बघितलं आणि आरसा पालथा घातला.

"काय झालं? टोचतंय?"

"टोचत नाही."

"मग रंग आवडला नाही का?"

"रंगाला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. "ही ती नाही."

"ती कोण?"

यावर तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, टोचतं तर टोचतं म्हणा, मोठे झाले तर मोठे म्हणा, मी घासून देईन. 'ती नाही' याला मी काय घासू? पण बोलता बोलता एक गोष्ट माझ्या नजरेनं टिपली. मावशीची जीभ सारखी वरच्या डाव्या बाजूला जात होती, सुळ्याच्या अलीकडच्या दातापाशी. तिथे जाऊन चाचपायची आणि परत यायची. हरवलेली किल्ली माणूस पुन्हा पुन्हा त्याच खिशात शोधतो, तसं चाललं होतं.

भाची मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तिच्यावर रागावू नका. तिला एक बारका दात होता. माझ्या आईलाही होता. आई आणि मावशी जुळ्या. आई थोडी आधीची, म्हणून मावशी तिला अक्का म्हणायची. दिसायला दोघी एक. आई जाऊन फार दिवस नाही झाले."

हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे पळाला. जुळ्यांची तोंडं मला कधी मिळाली नव्हती!

"कुठल्या बाजूला होता बारका दात?"

भाची गोंधळली. "बाजू... बाजू कोण बघतं हो?"

ते मात्र खरं. तुमच्या आईचा वाकडा दात कुठल्या बाजूला आहे, सांगा बरं पटकन. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठाऊक डावं-उजवं? होता आपला तिकडे." आणि हात हवेत कुठेतरी दाखवला.

"मावशीचा हसतानाचा फोटो आणा," मी म्हणाले.

"असेल तर शपथ. फोटो म्हटला की ती ओठ आवळून बसते. आईचा आहे, मनमोकळा हसतानाचा. तो चालेल? दोघी एकच हो."

मी म्हटलं, न चालायला काय झालं.

फोटो आला. काय हसत होती बाई! मागे वळून, कुणीतरी नुकताच काहीतरी चावटपणा केलेला असावा तशी. आणि तो बारका दात, तांदळाच्या दाण्यासारखा, शेजारच्या दातांच्या निम्मासुद्धा नाही. फोटोत आपल्या डाव्या हाताला. आता नवशिके इथेच आपटतात. फोटोतलं माणूस आपल्याकडे तोंड करून असतं, त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. मी काही नवशिकी नव्हे. बारका दात मी मोजून मापून उजव्या बाजूला रोवला, तसाच किंचित वळलेला, कडेला तसाच कोरलेला. काम झाल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं आणि संध्याकाळी नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे आता खराब दातसुद्धा मुद्दाम करून देता?" याला काय कळतं!

दुसऱ्या खेपेला मावशीला खुर्चीत बसवलं, डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली आणि म्हणाल्या, "हसा बघू."

मावशी हसली. समोर उभी असलेली भाची एकदम मागे सरकली, भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे भरून आले होते.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हातातलं काम असं जिवंत होऊन बोलायला लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी लगबगीनं छोटा आरसा मावशीच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हिला तर मी ओळखतसुद्धा नाही."

"अगं मावशी, काय बोलतेस!" भाची पुढे आली. "हुबेहूब आई दिसते आहेस. जशीच्या तशी!"

"तुला दिसत असेल. मला नाही ना दिसत." मावशीनं आरसा मांडीवर ठेवला. "मी म्हटलं, या वेळी तरी येईल. पहिल्यांदा आली नाही, म्हटलं दात सारखे होते म्हणून. आता कुणी भलतीच आली."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, मावशीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "कोण यायचं होतं, मावशी?"

आणि मग ती बोलली. मला वाटतं, कुणी नीट विचारलंच नव्हतं तिला.

"लहानपणी आमच्याकडे आरसा तळहाताएवढा. त्यात एक डोळा दिसला तर नाक नाही दिसायचं. मी आणि अक्का समोरासमोर बसून केस विंचरायचो. ती डावखुरी, मी उजवी. माझा हात वर गेला की समोर तिचा वर जायचा, त्याच बाजूनं. माझा भांग चुकला की मला तिच्याकडे बघून कळायचं. ती माझा आरसा आणि मी तिचा. पुढे मोठा आरसा आला घरात, त्यात बघितलं तर काय, आत अक्काच बसलेली! आम्ही दोघी हसून हसून लोळलो." ती थांबली, ओठ पुसले. "अक्का गेली तेव्हा सगळे रडले, मी फारशी नाही रडले. लोकांनी नावं ठेवली. मी कशाला रडू? सकाळी तोंड धुवायला गेले की ती समोर. दात घासता घासता चार गोष्टी बोलायचे. मग माझे दात काढले आणि ती गेली. खरी गेली ती तेव्हा गेली, डॉक्टर. कुणाला सांगू? म्हणतील म्हातारी चळली."

भाची खाली बसली होती, मावशीच्या गुडघ्याला धरून. आणि मी? मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला होता. एकीला दिसते ती दुसरीला का दिसत नाही?

"मावशी," मी म्हटलं, "ही कवळी काढा. आता जीभ वर लावा. बारका दात होता तिथे."

जीभ सरळ डावीकडे गेली.

हात्तिच्या! काखेत कळसा आणि मी फोटो धुंडाळत बसलेली. अक्का डावखुरी, मावशी उजवी. अक्काचा बारका दात उजवीकडे, मावशीचा डावीकडे. दोघी एक नव्हत्याच, एकमेकींच्या उलट होत्या. मावशी आपल्या डाव्या बारक्या दातासकट आरशापुढे उभी राहिली की आरशात तो ज्या हाताला दिसे, समोर उभ्या राहिलेल्या अक्काचाही त्याच हाताला दिसायचा. मी मात्र अक्काचा दात जसाच्या तसा उचलून मावशीच्या उजवीकडे लावला. समोरून बघणाऱ्या भाचीला आई दिसली. आणि मावशीला आरशात कोण दिसलं? मावशीच! जगाला आयुष्यभर दिसत आली तशी मावशी. तिनं स्वतःला जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं.

मी हे फोटो समोर धरून, बोटांनी दाखवून सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरीणबाई "अरेच्चा!" म्हणून स्वतःच आरशात बघायला लागल्या. मी म्हटलं, "काही बिघडलं नाही. अजून मेणातच आहे. आत्ता बाजू बदलते."

"थांबा," भाची म्हणाली.

ती उठली होती. "बाई, नका बदलू. मावशी, राहू दे ना असंच. तू हसलीस आणि मला... माझी आई माझ्यासमोर बसली होती गं. रोज जेवताना समोर असेल. तू म्हणतेस तुला अक्का हवी. मलाही आई हवी आहे ना!"

एक दात. या बाजूला लावला तर लेकीला आई मिळते, त्या बाजूला लावला तर बहिणीला बहीण. मी इतक्या कवळ्या केल्या, पण असा दात माझ्या हातात कधी आला नव्हता.

"तोंड मावशींचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या सांगतील तसं."

मावशीनं भाचीकडे बघितलं. "असंच राहू दे," ती म्हणाली. "माझी बहीण गेली. पोरीची तर आई गेली."

त्या दोघी गेल्या आणि मी कवळी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. खरं तर लगेच प्लास्टिक भरायला घ्यायला हवं होतं. हात धजेना. दुसरी कामं उकरून काढली, कुणाची दाढ घास, कुणाची तार वाकव. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशींचं झालं का?" मी फटकन म्हटलं, "होईल, पळून चाललंय का?" त्या बिचाऱ्या हसून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची एकटीच आली. तडक मागच्या खोलीत. मला वाटलं, पक्कं झालं का ते बघायला आलीय, आणि माझं तोंड आपोआप वाकडं झालं.

"झालं नाही अजून," मी म्हटलं.

"बरं झालं," ती मटकन स्टुलावर बसली. "बाजू बदला, बाई."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"काल रात्री जेवताना मी मावशीच्या समोर बसले होते. मनात म्हणत होते, दात आले की ही आई दिसणार. आणि तिनं मला हाक मारली, 'चिमणे, अजून घे की थोडं.' आई मला चिमणे म्हणत नसे, बाई. आई बयो म्हणायची. चिमणे फक्त मावशी म्हणते. मला बयो म्हणणारी गेली. चिमणे म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय. मी तिचंही तोंड बदलून टाकायला निघाले होते." ती रडत होती आणि रडता रडता स्वतःवरच चिडलेली होती. "तिला सांगू नका मी आले होते. नाही तर पुन्हा हट्ट करेल, राहू दे म्हणून. तिचा हट्ट तुम्हाला ठाऊक नाही."

मी तिला पाणी दिलं. मग सुरी गरम केली, मेण मऊ केलं आणि दोन दातांच्या जागा बदलल्या. नुसत्या जागा बदलून भागत नाही, उजव्या बाजूचा दात डावीकडे गेला की त्याची वळणं चुकतात. बारका दात मी नव्यानं कोरला, आरशात बघून बघून. बेसिनवरच्या आरशापुढे अक्काचा फोटो धरला आणि आत जे दिसलं तेच मेणात उतरवलं. भाची बघत होती. तिनं एकदाही "आता कसं दिसतं" असं विचारलं नाही.

पक्की कवळी बसवायला मावशी आली ती मन घट्ट करूनच. नवी साडी, केस चापूनचोपून. मला म्हणाली, "मला आरसा नको देऊस हं. पोरीला बघू दे, तिचं समाधान ते माझं समाधान."

"आरसा बघावा लागतो," मी ठोकून दिलं. "नियम आहे. आणि हातातला नाही, मोठा. चला मागच्या खोलीत."

ती कुरकुरत आली. बेसिनपुढे उभी राहिली, मी कवळी तिच्या तोंडात बसवली. भाची तिच्या मागे, जरा बाजूला, मान खाली घालून. मावशीनं आधी जीभ फिरवली. जीभ डावीकडे गेली आणि तिथेच थांबली. मावशीच्या कपाळावर आठी पडली. मग तिनं हळूहळू वर बघितलं.

"अगं!" ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी बेसिन धरलं आणि आरशाच्या अगदी जवळ गेली. "कुठं उलथली होतीस गं इतके दिवस? इथं माझा जीव गेला तुझी वाट बघून. काही आहे का तुला?"

असं म्हणत ती हसली, ओठ न आवळता, सगळे दात दाखवून. पाठ वळवून मी उगीचच घासायचं मशीन सुरू केलं, काहीतरी करत असल्यासारखं.

म्हणून भाची काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं तेव्हा तिनं मान वर केलेली होती. मावशी खुश झाली का, एवढंच बघायचं असेल तिला. मावशीच्या खांद्यावरून तिनं आरशात पाहिलं होतं. आणि ती तशीच उभी होती, तोंडावर हात ठेवून, भिंतीला टेकलेली त्या दिवशीसारखी.

आता कळलं मला! खोलीत उभी होती ती मावशी, डावीकडे बारका दात असलेली, चिमणे म्हणणारी. आणि आरशात होती ती अक्का. मावशीच्या एकटीच्या डोळ्यांना नव्हे, आरशात बघेल त्या कुणालाही. मी त्याच आरशापुढे अक्काचा फोटो धरून दात कोरला होता, तरी माझ्या टाळक्यात हे आलं नव्हतं. मी दोघींपैकी एकीला निवडलं असं समजत होते.

मावशीनं आरशातूनच भाचीचा चेहरा बघितला. तिला सगळं समजलं असावं, कारण तिनं हात मागे करून भाचीला ओढून आपल्या शेजारी उभं केलं.

"बघतेस काय चिमणे," ती मशीनच्या वर आवाज चढवून म्हणाली, "हाक मार की तिला."

मी मशीन बंद केलं.